यंत्राला वाचा फोडणाऱ्या बाई

खोली बघायला गेले तेव्हा बाईंनी मला नाव विचारलं नाही, जात विचारली नाही, एकटी राहणार की मागून कुणी येणार तेही विचारलं नाही. हातातला स्क्रूड्रायव्हर खाली न ठेवता त्यांनी विचारलं, "मोडलेलं काय आहे तुझ्याकडं?"

मी परभणीकडची. सुरतेत गोडादऱ्याच्या मराठी शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते आणि डिंडोलीत खोली शोधत होते. घरमालक काय काय विचारतात त्याची सगळी उत्तरं मी पाठ करून आले होते, त्यात हे नव्हतं.

"इस्त्री," मी म्हणाले. "तापत नाही."

"वायर तुटलीय की आतलं गेलंय?"

"नाही माहीत."

हे उत्तर त्यांना फार आवडलेलं दिसलं. "मग घेऊन ये," त्या म्हणाल्या. "खोली वरची. पाणी सकाळी येतं. आणि मला काकू-मावशी म्हणायचं नाही. बाई म्हण."

राहायला गेल्यावर पहिल्या रविवारीच त्यांनी माझी इस्त्री उघडली. अंगणात पोतं अंथरून, एकेक स्क्रू स्टीलच्या वाटीत टाकत, जणू आत कुणी झोपलंय अशा बेताने. मग एका पट्टीवर बोट ठेवलं, तिथे पाहून मान डोलावली, आणि सगळे तुकडे एका टोपलीत घालून टोपली माझ्या हातात दिली.

"कळलं. घेऊन जा."

"दुरुस्त झाली?"

"दुरुस्त काय, कुणीही करील. चौकातल्या माणसाला सांग, ही पट्टी गेलीय."

बाईंचं हे असं होतं. मोडलेली वस्तू समोर आली की त्या जेवण विसरत. का मोडली ते कळलं की त्यांचं त्या वस्तूवरचं मन उडे. आमच्या गल्लीत मिक्सर, टेबलफॅन, टेप, पोरांच्या चावीच्या गाड्या, सगळं आधी बाईंकडे जायचं आणि तिथून टोपलीत बसून चौकातल्या दुकानात. दुकानदार वैतागायचा. गिऱ्हाईक येऊन त्यालाच सांगे, बाईंनी सांगितलंय, कंडेन्सर गेलाय, दुसरं काही उघडू नका.

लग्नानंतर खानदेशातून सुरतेत आल्या तेव्हा बाई उधन्याच्या एका शेडमध्ये कामाला लागल्या होत्या. तिथे बायका ओळीने बसून टीव्हीच्या बोर्डावर सोल्डर मारत. बाईंच्या वाट्याला बोर्डाचा एक कोपरा होता. तेवढाच कोपरा त्यांनी वर्षानुवर्षं जोडला. तो कोपरा टीव्हीत काय करतो हे त्यांनी सुपरवायझरला विचारलं, तर तो म्हणाला, तुला काय करायचंय. पुढे शेड बंद पडली. बाकीच्या बायका साडीला टिकल्या लावायच्या कामाला गेल्या. बाईंनी मात्र एक मोडका टीव्ही घरी आणला आणि तो कोपरा काय करत होता ते शोधून काढलं. "आवाज," त्यांनी मला सांगितलं. "मी आवाज जोडत होते, आणि मलाच माहीत नाही!"

सोल्डरची तार त्या कुंकवाच्या करंड्यात ठेवत. सोल्डर मारताना राळेचा धूर आला की डोळे मिटून घेत, दुसऱ्या बाया अगरबत्तीपुढे मिटतात तसे. चौकोनी बॅटरी संपली की नाही हे जिभेला लावून सांगत. पण माणसांबद्दल त्या काही म्हणजे काही विचारत नसत. माझं लग्न का मोडलं होतं हे गल्लीतल्या सगळ्या बायांनी पहिल्या महिन्यात काढून घेतलं. बाईंनी कधी विषयसुद्धा काढला नाही. मला त्यांचा तो स्वभाव फार बरा वाटे. त्या घरात तो कुणाला तरी जड जातोय, हे लक्षात यायला मला वेळ लागला.

काकांना मी आधी नुसतंच मागच्या खोलीतल्या खाटेवर बघत असे. बाईंचे मालक. यंत्रमागाच्या कारखान्यात फिटर होते. शेडमधले सगळे माग एकदम चालू असताना कुठल्या मागाचा आवाज बदललाय ते त्यांना नुसतं ऐकून कळे, अशी त्यांची ख्याती. त्याच आवाजाने त्यांचे कान गेले. हळूहळू गेले, म्हणून काही वर्षं त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. मग एकदा त्यांनी चांगला माग उघडून ठेवला आणि बिघडलेला तसाच चालत राहिला. शेठने गोड बोलून घरी बसवलं.

घरी बसल्यावर लोक त्यांच्या कानाशी येऊन ओरडायचे. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे तेही ओरडूनच बोलत. एका बारशाला ते काहीतरी खासगी बोलले आणि ते मांडवभर ऐकू गेलं. लोक हसले. त्या दिवसापासून काकांनी तोंड उघडायचं बंद केलं. बाईंनी पाटी-पेन्सिल आणून ठेवली, तर त्यांनी पाटी पालथी करून तिच्यावर पाण्याचा तांब्या ठेवला. पन्नाशीच्या माणसाला पाटी दाखवायची, हे त्यांना लागलं असावं.

गावाकडे धाकट्या भावाचं शेत होतं, शेतात एक खोली होती. दिवाळी झाली की तिकडे जाऊन राहायचं, असं काकांनी ठरवलं. ठरवलं म्हणजे कुणाला सांगितलं नाही. आपली पत्र्याची पेटी काढली, कपडे भरले आणि ती खाटेशेजारी आणून ठेवली. बाईंनी पेटी पाहिली. त्या तिच्यावरची धूळ पुसत, आणि विचारत काही नसत.

"तुम्ही त्यांना काही म्हणत का नाही?" मी एकदा धीर करून विचारलं.

"काय म्हणू? ऐकू येतं का त्यांना?" एवढं बोलून त्या उठून गेल्या.

ते यंत्र आलं ते याच दिवसांत. नव्वदचं दशक संपत आलं होतं. चौकात एक कॉम्प्युटर क्लास निघाला होता आणि इंटरनेट हा शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी होता, जरी ते पाहिलेलं माणूस गल्लीत एकही नव्हतं. भंगारवाला हातगाडी दारात लावून म्हणाला, "बेन, आ अमेरिकानुं छे. चालतुं नथी."

चालत नाही म्हटल्यावर बाई धावत बाहेर गेल्या.

वराछाच्या कुठल्याशा हिऱ्यांच्या व्यापाऱ्याकडे पाहुण्यांनी ते अमेरिकेतून आणलं होतं. ताटाएवढा चपटा पडदा, त्याला जोडलेला कीबोर्ड, मागे फोनची वायर. कॉम्प्युटर नको, हे घ्या, भिंतीत वायर खुपसा आणि घरबसल्या इंटरनेट बघा, असं ते यंत्र. फक्त त्याच्या आत त्याच्या कंपनीचा अमेरिकेतला एकच फोन नंबर कोंबून ठेवलेला. चालू केलं की ते तो नंबर लावायचा प्रयत्न करी, सुरतेत तो लागत नसे, आणि यंत्र तिथेच थांबे. पुढे नाही, मागे नाही. व्यापाऱ्याने कंटाळून भंगारात दिलं. बाईंनी पंख्याच्या दोन जळक्या मोटारी देऊन ते घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर यंत्र पोत्यावर उताणं पडलेलं आणि बाई भिंग घेऊन त्याच्यावर वाकलेल्या.

"इकडं ये. हे वाच."

हिरव्या बोर्डाच्या कडेला रिकाम्या भोकांची एक ओळ होती आणि शेजारी बारीक इंग्रजी अक्षरं. बाईंना सुटी अक्षरं ओळखता येत, शब्द लागत नसे, म्हणून मी वाचून दाखवलं. बाई म्हणाल्या, "इथं काहीतरी बसणार होतं. जागा केली, नाव घातलं, आणि बसवलं नाही. का?"

तो 'का' त्यांना स्वस्थ बसू देईना. त्या बोर्ड घेऊन क्लासच्या सरांकडे गेल्या. सर म्हणजे नंदुरबारचा एक तरुण पोरगा, पण क्लास त्याचा म्हणून सर. त्याने सांगितलं, ही सिरियल पोर्टची जागा आहे. दोन यंत्रं एकमेकांशी बोलतात ती त्या वाटेने. कारखान्यात बनवताना कंपनी तिथूनच यंत्र तपासत असणार. विकताना पोर्ट बसवला नाही, म्हणजे लोकांनी आत शिरू नये.

"म्हणजे आत हा बोलतोय," बाई म्हणाल्या, "आणि बाहेर येऊ देत नाहीत."

"तसंच काहीसं."

"मग काय बोलतो ते ऐकायला पाहिजे."

सरांनाही तो नाद लागला. त्यांनी शहरातल्या सायबर कॅफेत जाऊन इंटरनेटवर शोधलं तर परदेशातल्या कुणा हौशी माणसाने अशाच एका यंत्राला पोर्ट जोडल्याची हकिकत मिळाली. ती छापून आणून त्यांनी माझ्याकडे दिली आणि मी शाळेचे पेपर बाजूला ठेवून ती बाईंसाठी मराठीत सांगत बसले. शब्द कळत होते, अर्थ कळत नव्हता. बाईंना नेमकं उलटं. "यंत्रातली वीज बारकी असते, बाहेरच्या तारेत जास्त लागते, मधे बदलणारी चिप बसवा" असं मी कसंबसं सांगितलं की त्या म्हणत, "हां, म्हणजे दुभाषा," आणि पुढे व्हायची खूण करत. चिप सरांनी मुंबईहून मागवली. बाकीचं सगळं बाईंच्या डब्यांतून निघालं.

जोडकामाला उजेड हवा होता, आणि घरात चांगली खिडकी एकच, काकांच्या खाटेशेजारची. बाईंनी तिथे पाट मांडला. काकांनी भिंतीकडे तोंड केलं.

ती भोकं मोहरीएवढी. एका हातात तापलेली सोल्डरिंग गन, दुसऱ्या हातात सोल्डरची तार, आणि जोडायची वायर धरायला तिसरा हात नाही. बाईंनी वायर दातात धरून पाहिली. मग मी धरून पाहिली. वायर निसटायची, बाई अहिराणीत तिला शिव्या द्यायच्या, परत धरायच्या. असं बराच वेळ चाललं. मग भिंतीकडून एक हात पुढे आला. त्या हातात मागावरचा तुटका धागा धरायचा लांब चिमटा होता. काकांनी वायर चिमट्यात धरली आणि भोकावर आणून अशी थांबवली की जरा हलेना.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. गन टेकवली. राळेचा धूर दोघांच्या मधून वर गेला. पुढची वायर काकांनी स्वतःच उचलली.

सगळं जोडून झालं तेव्हा सरांनी क्लासमधला एक जुना कॉम्प्युटर आणला, त्याची तार यंत्राच्या नव्या पोर्टला लावली आणि यंत्र चालू केलं. कॉम्प्युटरचा पडदा काळाच राहिला. परत चालू केलं. काळाच. सर खाली वाकून तारा बघू लागले आणि हसले.

"बाई, सरळ जोडलीय तुम्ही. ह्याची बोलायची तार त्याच्या बोलायच्या तारेला, ऐकायची ऐकायच्याला. उलटी हवी."

बाई कपाळावर हात मारून इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. "तोंडाला तोंड लावलं मी दोघांच्या! कसं ऐकू येणार?"

दोन तारा सोडवून उलट्या जोडल्या. काका चिमटा घेऊन तयारच होते. या वेळी पडद्यावर कचरा उमटला, चौकोन, टिंबं, कसलीही चिन्हं. सरांनी अक्षरं यायचा वेग बदलला. पुन्हा कचरा. आणखी एकदा बदलला, आणि एकाएकी स्वच्छ इंग्रजी ओळी भराभरा खालून वर सरकू लागल्या. आम्ही सगळे पडद्याला चिकटलो. यंत्र आपलं अंग चाचपून बघत होतं. मेमरी एवढी आहे, कीबोर्ड आहे, फोनची लाइन सापडत नाही. मी वाचून सांगत होते आणि बाई मूठ तोंडावर धरून ऐकत होत्या.

"काय म्हणस ते?"

आवाज इतका मोठा आला की सर दचकून मागे सरले. काका बोलले होते. खाटेवरून पुढे वाकून, पडद्यावर बोट दाखवून. मला त्या घरात येऊन वर्ष होत आलं होतं आणि मी त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकत होते.

बोलून उपयोग नव्हता. काका आमच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होते. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. पाटीवर अजूनही तांब्या होता. त्या सरांना हळूच म्हणाल्या, "इथं टाइप केलेलं त्या पडद्यावर उमटवता येईल का?"

सरांनी डोकं खाजवलं, दोनचार आज्ञा लिहिल्या, चुकल्या, परत लिहिल्या. मग कॉम्प्युटर बाईंपुढे सरकवला. बाईंना इंग्रजी अक्षरं येत होती, बोर्डावरची वाचून वाचून आलेली. काकांनाही मागाच्या सुट्या भागांवरची येत. एकेक अक्षर शोधत बाईंनी आपल्या अहिराणीत लिहिलं आणि ते काकांसमोरच्या अमेरिकन पडद्यावर उमटलं.

"तो जागा व्हई राह्यना."

तो जागा होतोय, असं काकांनी ओठ हलवत लावलं. परत वाचलं. मग यंत्राचा कीबोर्ड स्वतःकडे ओढून घेतला आणि सरांकडे बघून, याच्यावरून तिकडे जाईल का, अशी हाताने खूण केली.

ते व्हायला सरांचे आणखी काही दिवस गेले, पण झालं. कॉम्प्युटर पुढच्या खोलीत गेला. भिंतीला भोक पाडून तार मागे नेली. यंत्र पेटीवर ठेवलं, कपडे भरलेल्या त्याच पेटीवर. आता पेटी उघडायची तर आधी यंत्र हलवायला हवं.

"मुद्दाम ठेवलंत ना तिथं?" मी विचारलं.

"दुसरी जागा कुठंय?" बाई म्हणाल्या. मी खोलीभर पाहिलं. जागा होती.

यंत्राचं बटण आतल्या बाजूला दडलेलं होतं आणि सारखं अडके. काकांनी ते काढून टाकलं आणि मागावरचा एक दणकट खटका बाजूला बसवला. बाईंनी लिहिलं, चांगला बसवला. काकांनी लिहिलं, तुझ्या सोल्डरपेक्षा चांगला. तिथून त्यांचं भांडण सुरू झालं ते काही थांबलं नाही. दुपारी मी शाळेतून आले की दोन खोल्यांतून टकटक ऐकू येई. भाजीत मीठ कमी, खिडकी कुणी उघडी ठेवली, तुमच्या बहिणीने माझ्या लग्नात काय म्हटलं होतं. वर्षानुवर्षांचं साठलेलं होतं. पुढच्या खोलीत बाई रागाने कळा बडवत आणि मागच्या खोलीतून काकांचं हसणं गल्लीत ऐकू जाई.

पण पेटीतले कपडे काही निघाले नाहीत. दिवाळी झाली आणि ठरल्याप्रमाणे गावाकडचा भाऊ टेम्पो घेऊन आला. मी त्याला चहा दिला. काका आत खाटेवर कोरे कपडे घालून बसले होते. बाई पुढच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर. आत जाऊन नवऱ्याचा हात धरतील, रडतील, असं मला वाटत होतं. त्या जागच्या हलल्या नाहीत. बराच वेळ कळांवर नुसती बोटं ठेवून बसल्या. मग लिहिलं. मी मागे उभी होते, मला दिसलं.

"जातस ते जा. पन हाई बंद करी जा."

हे म्हणजे यंत्र. भाऊ बशीतला चहा फुंकत होता. बाई पडद्याकडे बघत होत्या, उघडलेल्या मिक्सरकडे बघत तशा नाही, वेगळ्याच. मग एकेक अक्षर येऊ लागलं.

"बंद कथाईन करतस?"

कुठून बंद करतात. खटका स्वतःच्या हाताने बसवलेला माणूस विचारत होता. बाईंनी पदराने नाक पुसलं आणि लिहिलं, "माले माहीत नही."

थोड्या वेळाने काका बाहेर आले. भावाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू जाय. माले आठे काम शे." आवाज नेहमीसारखा मोठा. समोरच्या घरातली माणसं दारात आली. काकांनी त्यांच्याकडेही पाहिलं आणि इथे काम आहे, हे तेच वाक्य त्यांनाही परत सांगितलं. टेम्पो रिकामा गेला.

त्यानंतर एकदा मी बाईंना सरळच विचारलं, हे सगळं तुम्ही काकांसाठी केलं ना? त्या बॅटरी जिभेला लावून बघत होत्या. "मला ती भोकं रिकामी का ठेवली ते बघायचं होतं," त्या म्हणाल्या. खरं काय ते मला अजून ठरवता आलेलं नाही. एवढंच सांगते, ते यंत्र त्यांनी कधी टोपलीत घालून कुणाला दिलं नाही. आत काय आहे ते सगळं कळून गेल्यावरसुद्धा रोज सकाळी त्याच्यासमोर बसत राहिल्या.

पुढे मला परभणीकडे, घराजवळच्या शाळेत नोकरी मिळाली. सामान रिक्षात चढलं आणि मी निरोप घ्यायला आत गेले. काकांनी मला हाताने पुढच्या खोलीत जाऊन बसायची खूण केली. मला वाटलं काही आणायचं असेल. बाईंनी कॉम्प्युटरसमोरचं स्टूल माझ्याकडे सरकवलं.

इतकी वर्षं एका घरात राहून काका आणि मी एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. पडद्यावर अक्षरं उमटू लागली.

"तुमनाकडे कपाशी कशी होस? धागा लांब निघस का?"

मी लिहायला बसले. आमच्याकडची काळी जमीन, वेचणी, आमच्या वडिलांना कापूस बोटांत ओढून बघायची असलेली सवय. त्यांनी आणखी विचारलं. मी आणखी लिहिलं. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. शेवटी तो चिडून दारात आला आणि म्हणाला, गाडी चुकेल.

बाईंनी त्याला दाराशीच अडवलं.

"रुको भैया," त्या म्हणाल्या. "बात चालू है."